रिकामी बाजू

रात्रीचे नऊ चाळीस. टेंभुर्णीत कुर्डुवाडीचा रस्ता फुटतो तिथल्या चहाच्या टपरीला पाठ लावून तू उभा आहेस. डिसेंबरची थंडी आहे. उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालाय आणि त्याच्यामागं लग्नाची वरात खोळंबलीय. वरातीपुढं टेम्पोवर डॉल्बीची भिंत. बेस पडला की टपरीचा पत्रा थरथरतो आणि ती थरथर तुझ्या पाठीत उतरते.

मोबाइलच्या नोट्समध्ये तुझ्या रॅपच्या सात ओळी आहेत. सगळ्या हिंदीत. त्यातली गल्ली तुझी नाही, लोकल तुझी नाही. 'गली बॉय' सिनेमा 2019 च्या फेब्रुवारीत आला तेव्हा तू सातवीत होतास. तेव्हापासून धारावीतल्या पोरासारखं बोलायचा सराव चाललाय. टपरीवाले अण्णा रोज एकच विचारतात, "काय रं, ही साहेबाची बडबड कवा सोडणार?"

बेस पुन्हा पडतो. पत्रा थरथरतो. या वेळी थांबत नाही.

तू दाराशी उभा आहेस आणि एक मुलगी हात पुढं करून पैसे मागतेय. पोरींना 25 सेंट, पोरांना 50. तारीख 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, सेजविक ॲव्हेन्यूवरची 1520 क्रमांकाची इमारत. मुलीचं नाव सिंडी कॅम्पबेल. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचेत, म्हणून तिनं इमारतीतला हॉल घेऊन ही पार्टी ठेवलीय. आत रेकॉर्ड लावतोय तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. लोक त्याला कूल हर्क म्हणतात. गाण्यात एक जागा अशी येते, जिथं गायक गप्प होतो आणि नुसता ड्रम-बेस उरतो. त्या जागेला पोरं चेकाळतात, हे त्यानं हेरलंय. पुढं तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आळीपाळीनं फिरवून ती जागा लांबवत नेणार आहे. त्याचा दोस्त कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्या पोरांची नावं पुकारतोय. उद्या जग याला हिप हॉप म्हणेल. आज ही बहिणीच्या कपड्यांसाठी केलेली खटपट आहे.

तुझं लक्ष मात्र स्पीकरकडं जातं. एवढ्याशा हॉलला एवढे मोठे? हे वेड या पोरानं इथं कमावलेलं नाही. 1967 मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो जमैकातल्या किंग्स्टनहून इथं आला. येताना ते वेड घेऊनच आला.

तू भिंतीला पाठ टेकतोस. भिंत पत्र्याची झालेली असते.

किंग्स्टन. पन्नाशीचं दशक. गरीब वस्तीतलं मोकळं अंगण, त्याला चारी बाजूंनी गंजक्या पत्र्याचं कुंपण. आत कपाटाएवढाल्या स्पीकरची चळत. याला इथं साउंड सिस्टिम म्हणतात. तू बघताक्षणी मनात म्हणतोस, डॉल्बी! रेडिओ घेणं ज्यांना परवडत नाही, ते इथं नाचायला येतात. कॉक्सन डॉडची सिस्टिम मोठी की ड्यूक रीडची, यावरून वस्तीत खुन्नस चालते. तू टेबलाजवळ सरकून रेकॉर्डचं नाव वाचायला बघतोस आणि चकित होतोस. मधला गोल कागद नखानं खरवडून काढलाय. रेकॉर्ड अमेरिकेतून आणलेली. तिचं नाव समोरच्या पार्टीला कळता कामा नये.

दोन रेकॉर्डच्या मध्ये शांतता पडली की लोक पांगतात. म्हणून काउंट माचुकी नावाचा गडी माइक धरतो आणि यमकं जुळवत बोलायला लागतो. पुढं गाण्यावरही बोलतो. अशा बोलणाऱ्याला इथं 'डीजे' म्हणतात; रेकॉर्ड लावणारा तो 'सिलेक्टर'. टेंभुर्णीत डीजे म्हणजे भाड्यानं मिळणारी आवाजाची भिंत. इथं डीजे म्हणजे तोंड असलेला माणूस.

पत्रा हलतो. साठीचं दशक संपत आलंय. स्पॅनिश टाउनचा रुडी रेडवुड एक ताजी कापलेली रेकॉर्ड लावतो. स्टुडिओत गायकांचा आवाज चढवायचा राहून गेलाय. नुसती चाल वाजतेय. आता आरडाओरडा होणार, असं तुला वाटतं. होतं उलटंच. गाणं सगळ्यांना पाठ आहे, अख्खं अंगण गायला लागतं. त्या चुकीतून रीतच पडते. रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला शब्द काढून घेतलेली चाल. तिला म्हणतात 'व्हर्जन'. किंग टबी नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ती आणखी पोखरतो, आणि त्या पोकळीत यू-रॉय आपले बोल भरतो. 1970 मध्ये जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तीन क्रमांकांवर त्याचीच तीन गाणी होती.

चालीला इथं रिदिम म्हणतात. एकाच रिदिमवर दहा जण दहा गाणी करतात आणि त्यात कुणाला चोरी वाटत नाही.

मग पत्रा तुला उलट, पुढं फेकतो. तेच किंग्स्टन, साल 2012. फाइव्ह स्टीझ नावाच्या रॅपरचा पहिला अल्बम आलाय. पण डान्सहॉलच्या या मुलखात रॅप करणाऱ्या पोराला ऐकून घ्यावं लागतं की हे अमेरिकेचं, आपलं न्हवं. तुला हसू येतं. ज्या बेटावरून ही गोष्ट बारा वर्षांच्या पोराबरोबर बाहेर गेली, तिथंच ती परत येताना पाहुणी ठरली. हसता हसता अण्णांचा आवाज कानात येतो: साहेबाची बडबड.

परतीच्या वाटेवर थरथर वेगळी आहे. ती स्पीकरची नाही, चाकांची आहे.

29 ऑगस्ट 1969. तू तुझ्याच हमरस्त्यावर, इंदापूरजवळ उभा आहेस. शाहीर अमर शेख इथं अपघातात गेले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916, गाव बार्शी. म्हणजे तुझ्या टपरीसमोरून जो रस्ता फुटतो, त्याच रस्त्यावरचं गाव. आई मुनेरबींच्या ओव्या ऐकत वाढलेला हा माणूस गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. सरकारनं तमाशावर बंदी आणली, तर अण्णा भाऊंनी त्याचं लोकनाट्य केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना यांचा डफ कडाडला की मैदान हलायचं. चाली लोकांच्याच होत्या, जात्यावरच्या, तमाशातल्या. शब्द काढून ठेवायचे आणि आजचं दुखणं भरायचं.

तू आणखी मागं जातोस. अठरावं शतक सरत आलंय. सोलापुरात जाळावर डफ शेकतायत. थंडीनं कातडं सैल पडलं की आवाज बसतो. एकीकडं कलगीवाले, दुसरीकडं तुरेवाले. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर जवाब द्यायचा, अडखळला तो हरला. गर्दीत रामजोशी आहेत, ब्राह्मणाघरचे. तमाशाच्या नादापायी थोरल्या भावानं घराबाहेर काढलेले. पंढरपुरात संस्कृत शिकूनही पुन्हा लावणीकडंच वळणारे. किंग्स्टनशी यांचं काही नातं नाही, असायची गरजही नाही. चाल सगळ्यांची आणि बोल ज्याचे त्याचे, हा कायदा दोन्ही मुलखांनी आपापला केलाय.

नऊ छप्पन्न. चहा गार झालाय.

हातातल्या मोबाइलमध्ये एक जुनं गाणं सेव्ह आहे, कधी नीट ऐकलं नव्हतंस: 2019 मधलं, 'स्वदेसी' या रॅप गटातल्या पोरांचं 'द वारली रिव्होल्ट', मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी केलेलं. त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 2023 च्या एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या राज मुंगासेवर एका मराठी रॅपसाठी गुन्हा दाखल झाला, तेही तुला आठवतं. बोल लागल्याशिवाय कुणी पोलिसात जात नाही.

ट्रॅक्टर अजून अडकलेलाच आहे. ड्रायव्हर खाली उतरून अण्णांना सांगतोय, काट्यावर दुपारपासून लाइन आहे, आजची रात तिथंच जाणार. डॉल्बीचा ऑपरेटर चहाला आलाय. दहाला आवाज बंद करायचा, म्हणून त्यानं नुसतं हलगी मिक्स लावून ठेवलंय. गाणं नाही, शब्द नाहीत. शेकलेल्या हलगीचा ठेका आणि खाली बेस.

तू ऐकतोस. हीच ती दुसरी बाजू.

"दादा, माइक चालू हाय का?"

ऑपरेटर घड्याळ बघतो. "तीन मिनटं हायत. कुणाचं नाव पुकारायचं?"

"कुणाचं न्हाई."

सात ओळी तू पुसत नाहीस, फक्त मोबाइल खिशात टाकतोस. माइक तोंडाशी नेतोस आणि ठेका कुठं पडतो ते दोन फेऱ्या नुसतं मोजतोस. मग ड्रायव्हरकडं बघून बोलतोस:

"ऊस गेला काट्यावर, बाप उभा फाट्यावर, आमचं गाऱ्हाणं सायबानं मारलं फाट्यावर!"

वरातीतली पोरं आधी दचकतात, मग दुसरा फाटा ध्यानात येऊन शिट्ट्या मारतात. ड्रायव्हर ट्रॉलीला टेकून खदखदतो. अण्णा किटली खाली ठेवतात.

"आरं," ते म्हणतात, "हे तर आपल्यातलंच हाय. म्होरं बोल की!"

दहाला अजून दोन मिनिटं आहेत.