तळघरातील एक रविवार

श्रोतेहो, इतिहासाचा तास चालू असताना एखादा चुणचुणीत विद्यार्थी मध्येच विचारतो, "सर, आज इतिहास घडतो आहे, हे त्या दिवशी त्या लोकांना कळत होते का?" या प्रश्नाला मी पुस्तकातील उत्तर देत नाही. मी त्यांना एका रविवारची हकीकत सांगतो. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

न्यूयॉर्क शहरात सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ या रस्त्यावर एक तळघर आहे. अरुंद जिना उतरून खाली गेले की पाचरीसारखी निमुळती होत गेलेली एक खोली लागते. माणसे बसणार फार तर सव्वाशे. या जागेचे नाव 'व्हिलेज व्हॅनगार्ड'. मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थाने 1935 साली येथे आपला क्लब मांडला. आरंभी तेथे कवी येत, लोकगीते गाणारे येत. 1957 च्या सुमारास जॅझ संगीत हेच त्या जागेचे व्रत ठरले. गॉर्डन 1989 साली वारले, त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीने 2018 पर्यंत क्लब सांभाळला, आणि तो आजही चालू आहे.

1961 सालच्या जून महिन्यात या तळघरात तीन वादकांचा एक मेळ वाजवीत होता. पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लाफारो, आणि ड्रमवर पॉल मोशियन. एव्हान्स तेव्हा एकतीस वर्षांचा होता. माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा पियानो वाजला होता. लाफारो अवघा पंचवीस वर्षांचा. गंमत अशी की, हा तरुण आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवीत असे. डबल बेस त्याने वयाच्या अठराव्या वर्षी हाती घेतला.

डबल बेस म्हणजे माणसाहूनही उंच, उभे धरून वाजवावयाचे, खर्जातले तंतुवाद्य. मेळात त्याचे काम पायाच्या दगडाचे. दगड दिसू नये, पण भिंत त्यावर उभी राहावी. चाल धरून ठेवायची आणि स्वरांचा तळ सांभाळायचा. लाफारोने हा शिरस्ता मोडला. त्याची बोटे वाद्याच्या वरच्या पट्टीत लीलया फिरत. पियानो एक वाक्य बोलला की बेस त्यावर काही सुचवी, कधी हरकत घेई, कधी ते वाक्य स्वतःच पुरे करी. मोशियन तारांच्या कुंच्यांनी ड्रमवर नुसती कुजबुज केल्यासारखे वाजवी. आपल्या जुगलबंदीत एक वादक थांबतो आणि दुसरा उत्तर देतो. येथे तिघे एकाच वेळी बोलत आणि तिघेही एकमेकांचे ऐकत. पुढारी कोण आणि साथीदार कोण, हा भेदच उरला नव्हता. एव्हान्सला हवे होते ते नेमके हेच.

दोन आठवड्यांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता 25 जून, वार रविवार. त्या दिवशी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या. रिव्हरसाइड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज आणि ध्वनिलेखक डेव्ह जोन्स आपले फिरते यंत्र घेऊन तेथे आले होते. आरंभीच वीज दगा देऊन गेली. लाफारोच्या 'ग्लोरियाज स्टेप' या रचनेचे पहिले ध्वनिमुद्रण मध्येच तुटले. यंत्र पुन्हा सुरू झाले, वादक पुन्हा वाजवू लागले. दिवसाअखेर सुमारे अडीच तासांचे संगीत फितीवर उतरले. अगदी शेवटी वाजली तीही लाफारोचीच रचना, 'जेड व्हिजन्स'. मग वाद्ये पेटीत गेली.

त्या फितीवर आणखी एक गोष्ट उतरली आहे. पियानो अगदी हळुवार झाला की पेल्यांची किणकिण ऐकू येते. कोणी हसते. कोणी गप्पांत रंगून गेलेले असते. प्रथम मी ही ध्वनिमुद्रिका ऐकली तेव्हा मला या लोकांचा राग आला. अरे, अशी गोष्ट चालली असता तुम्हांस बोलवते तरी कसे? पुढे पुढे राग ओसरला. रविवारची सुटी होती, मित्रमंडळी बरोबर होती, पेला समोर होता. त्या दिवसाचे मोल त्यांना कोण सांगणार? ते वादकांनाही ठाऊक नव्हते.

अकराच दिवसांनी, 6 जुलैच्या रात्री, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील भागात, जेथे तो लहानाचा मोठा झाला त्या जिनीव्हा गावापासून जवळच, लाफारोची मोटार झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. थोड्याच दिवसांपूर्वी न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात त्याने स्टॅन गेट्झबरोबर वाजविले होते. एव्हान्स या आघाताने खचला. कित्येक महिने तो मेळ घेऊन रंगमंचावर आलाच नाही. कीपन्यूज आणि एव्हान्स त्या फिती घेऊन बसले आणि लाफारोचे वादन जेथे सर्वांत खुलले ते भाग त्यांनी निवडले. 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ आणि शेवट लाफारोच्या दोन रचनांनी केला. पुढे 1962 साली दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. तिला नाव मिळाले एव्हान्सने आपल्या लहानग्या पुतणीसाठी रचलेल्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या रचनेचे. या त्रयीने स्टुडिओत बसून दोनच ध्वनिमुद्रिका केल्या होत्या. तो रविवार फितीवर उतरला नसता, तर लाफारोचे नाव जाणकारांच्या आठवणीपुरते उरले असते. एव्हान्स 1980 साली गेला, मोशियन 2011 साली. परंतु जगातील बेसवादक आजही त्या एका दिवसाचा अभ्यास करीत आहेत.

श्रोतेहो, ही हकीकत सांगताना माझे मन आपल्या माणसांकडे धाव घेते. आमच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या संगीतशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. त्यांतली कितीतरी पोटासाठी मुंबईस गेली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ तेथे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेटवादक म्हणून प्रसिद्ध झाले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा मेळ वाजे. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गुणी मंडळींनी रात्री जॅझ वाजविला आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला आकार दिला. त्यांच्या काही तबकड्या निघाल्या, चित्रपटगीतांत त्यांचे वादन उरले. परंतु भल्या रात्री, निम्मी माणसे उठून गेल्यावर, केवळ एकमेकांसाठी ते जे वाजवीत असतील, ते टिपावयास त्या हॉटेलांत कोणी यंत्र घेऊन बसले नव्हते. पेल्यांची किणकिण तेथेही झालीच असेल. फीत मात्र फिरत नव्हती.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: बाळ, त्यांना कळत नव्हते, आणि आपणांसही कळणार नाही. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात आहे. घरातले वडीलधारे जुनी ओवी म्हणतात, गावचा म्हातारा वादक सणासुदीला व्हायोलिन काढतो, तेव्हा ते यंत्र अवश्य चालू करावे. पण त्याआधी एक करावे. समोर कोणी वाजवीत असेल, तर हातातला पेला हलकेच खाली ठेवावा आणि बोलणे थांबवावे.