हरित अब्जांश तंत्रज्ञान

अब्जांश आकाराचे पदार्थ तयार करताना, वापरताना आणि वापर संपल्यावर टाकून देताना माणसाला व निसर्गाला कमीत कमी इजा व्हावी, आणि त्याच पदार्थांच्या साहाय्याने पाणी, माती, हवा शुद्ध करावी व रोगांवर उपचार करावेत, अशा दुहेरी उद्देशाने विकसित झालेली तंत्रज्ञानाची शाखा. व्यवहारात ‘हरित नॅनो तंत्रज्ञान’ हे नाव अधिक चालते. साधारणतः १ ते १०० अब्जांश मीटर (नॅनोमीटर) आकाराचे कण, तंतू व पापुद्रे या शाखेत येतात. एक अब्जांश मीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग.

पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे गुणधर्म बदलतात. सोन्याचे अब्जांशकण पाण्यात लाल दिसतात, चांदीचे पिवळे. त्याहून महत्त्वाचा बदल पृष्ठफळाचा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० अब्जांश मीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. त्यामुळे चिमूटभर द्रव्य पुष्कळ काम करते. पाण्यातील विष धरून ठेवण्याची क्षमता या वाढलेल्या पृष्ठभागातून येते, आणि शरीरात नको तिथे शिरलेल्या कणाची उपद्रवक्षमताही त्यातूनच येते. या शाखेतील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

पार्श्वभूमी : रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी दिलेल्या व्याख्यानात अणूंच्या पातळीवर रचना करण्याची शक्यता मांडली. ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ ही संज्ञा १९७४ मध्ये जपानी अभियंते नोरिओ तानिगुची यांनी वापरली. हरित हे विशेषण आले ते रसायनशास्त्राकडून. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. कचरा झाल्यावर तो निस्तरण्यापेक्षा मुळात होऊ न देणे, घातक द्रावक टाळणे, ऊर्जा कमी खर्चणे, पुन्हा निर्माण होणारा कच्चा माल वापरणे आणि काम संपल्यावर विघटित होईल असा पदार्थ घडवणे, ही त्यांतली या शाखेला सर्वांत जवळची तत्त्वे.

निर्मिती : धातूच्या क्षाराचे क्षपण करून अब्जांशकण मिळवणे ही प्रयोगशाळेतील रुळलेली रीत. त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्राझीन यांसारखी तीव्र, काही वेळा विषारी रसायने लागतात. शिवाय कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगळे आच्छादक द्रव्य घालावे लागते. सजीवांकडून हेच काम करवून घेता येईल का, या प्रश्नातून हरित निर्मितीला वेग आला. चांदीच्या खाणीतून मिळालेल्या ‘स्यूडोमोनास स्टुट्झेरी’ या जिवाणूच्या पेशीत चांदीचे स्फटिक साठतात, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढच्या वाटचालीत पुण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि महाराष्ट्रात तो पुरेसा सांगितला जात नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बुरशींवर काम केले. ‘फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम’ ही बुरशी चांदीचे कण पेशीबाहेरच तयार करते, हे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. पेशी फोडून कण वेगळे काढण्याची खटपट त्यामुळे वाचली. बुरशी वाढवायला मात्र दिवस लागतात. म्हणून हा गट वनस्पतींकडे वळला. कडुनिंबाची पाने पाण्यात उकळून काढलेल्या अर्कात चांदीच्या किंवा सोन्याच्या क्षाराचे द्रावण मिसळले की काही तासांत कण तयार होतात. गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळाले, ते अवरक्त किरण शोषतात; हे काम २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. पानांमधील शर्करा, अल्डिहाइडे, फ्लॅव्होनॉइडे व टर्पिनॉइडे धातूच्या आयनांचे क्षपण करतात आणि अर्कातीलच काही रेणू कणांभोवती आवरण धरून त्यांना विलग ठेवतात. विषारी क्षपणकारक आणि वेगळे आच्छादक द्रव्य, दोन्हींची गरज एकाच अर्काने भागते. त्यानंतर जगभर शेकडो वनस्पतींवर असे प्रयोग झाले. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीजन्य चांदीच्या कणांचा अभ्यास केला आणि असे कण फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचा प्रभाव वाढवतात, असे दाखवले.

या प्रयोगांतून निघालेल्या असंख्य शोधनिबंधांकडे मात्र डोळसपणे पाहायला हवे. एका झाडाच्या पानांचा अर्क घेतला, कण मिळाले, काही जिवाणू मारून दाखवले, एवढ्याने पद्धत हरित ठरत नाही. पानांतील द्रव्यांचे प्रमाण ऋतू, जमीन आणि पानाचे वय यांनुसार बदलते. त्यामुळे कणांचा आकार दर खेपेस सारखा येईल याची शाश्वती नसते. शिवाय चांदी-सोने खाणीतूनच येते. सोन्याच्या कणांच्या निर्मितीचा जीवनचक्रानुसार हिशेब मांडला असता पर्यावरणावरचा मुख्य भार सोने मिळवण्यातच असल्याचे दिसले आहे. क्षपणासाठी पानाचा अर्क वापरल्याने तो भार उतरत नाही. लोह, सेल्युलोज, कायटोसान, सिलिका असे मुबलक, निरुपद्रवी द्रव्य निवडण्याने अधिक साधते. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसाच्या सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला, तो याच दिशेचा.

पाणी : या तंत्रज्ञानाने सामान्य घरापर्यंत पोचून काही दिले असेल तर ते पाण्याच्या क्षेत्रात. त्यातही भारतातील काम अग्रगण्य आहे.

पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ हे साधे गाळणे तयार केले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर आपद्ग्रस्त भागात ही गाळणी वाटण्यात आली. तुसाच्या राखेत सच्छिद्र सिलिका असते. या राखेवर चांदीचे अब्जांशकण बसवून टाटा समूहाने डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे यंत्र बाजारात आणले. त्याला वीज लागत नव्हती, नळाच्या दाबाची गरज नव्हती. त्याची किंमत एक हजार रुपयांच्या आत होती आणि एक गाळणपात्र सुमारे ३,००० लिटर पाण्यासाठी पुरत असे. गिरणीतून निघणाऱ्या तुसाचा असा उपयोग हरित या विशेषणाला खऱ्या अर्थाने पात्र आहे.

चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत थलप्पिल प्रदीप यांनी प्रथम कीटकनाशकांचा प्रश्न हाती घेतला. चांदी व सोन्याच्या अब्जांशकणांच्या पृष्ठभागावर एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन यांसारखी द्रव्ये बांधली जातात किंवा विघटित होतात, हे त्यांच्या गटाने दाखवले. त्यावर आधारलेला घरगुती जलशुद्धक २००७ मध्ये विक्रीस आला.

त्यांचे आर्सेनिकवरचे काम अधिक मोलाचे आहे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात रोगजंतूंपासून सुटका व्हावी म्हणून लोकांना तळ्यांकडून कूपनलिकांकडे वळवण्यात आले, आणि त्या भूजलात जमिनीच्या थरांतून उतरलेले आर्सेनिक निघाले. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षे ते पोटात गेल्यावर तळहात-तळपाय राठ होतात, कातडीवर डाग उमटतात, पुढे त्वचा, मूत्राशय व फुप्फुसांचे कर्करोग होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमची आहे. प्रदीप यांच्या ‘अमृत’ या पद्धतीत लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अब्जांशकण कायटोसानच्या जाळीत घट्ट बसवलेले असतात. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. आर्सेनिकचे आयन लोहाच्या पृष्ठभागाला बांधले जातात आणि पिण्याजोगे पाणी खाली उतरते. माध्यम तयार करायला पाणी हाच द्रावक पुरतो, भट्टी लागत नाही, वीजही नाही.

रोगजंतू मारणाऱ्या अशाच माध्यमाचे वर्णन या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइड व कायटोसानच्या त्या माध्यमातून चांदीचे आयन लिटरला सुमारे ४० मायक्रोग्रॅम एवढेच सुटतात. जंतूंसाठी ते पुरेसे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेल्या १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या खूप आत. दोन्ही माध्यमांतील मर्म एकच : कण बांधलेले राहतात, पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

माती, भूजल व हवा : शून्य संयुजा असलेल्या लोहाचे अब्जांशकण विहिरींतून जमिनीत सोडले की ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांतील क्लोरीन सुटतो आणि कमी घातक हायड्रोकार्बने उरतात, लोह गंजून जाते. ही कल्पना अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात १९९७ च्या सुमारास पुढे आली. कण एकमेकांना चिकटून गोळे होतात व जमिनीत फार दूर पोचत नाहीत, ही तिची अडचण. असे लोहाचे कण हिरव्या चहातील पॉलिफिनॉलांनी तयार करण्याचे प्रयोगही झाले आहेत. हवेसाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये प्रकाशात त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे विघटन होते हे दाखवले. प्रकाशात क्रिया घडवण्याच्या त्या गुणावर आधारित स्वतः स्वच्छ राहणाऱ्या काचा व सिमेंट नंतर आले.

आरोग्य : औषधाचा कण रक्तातून जाऊन हव्या त्या जागी साठावा, हा अब्जांश औषधांचा गाभा. हरित विचाराशी त्याची गाठ पडते ती ‘पॅक्लिटॅक्सेल’ या कर्करोगावरील औषधात. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून देत. त्या द्रावकामुळेच अनेक रुग्णांना तीव्र ॲलर्जी होई आणि आधी स्टेरॉइड द्यावे लागे. २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ‘ॲब्रॅक्सेन’मध्ये हे औषध रक्तातीलच अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे १३० अब्जांश मीटरच्या कणांत बांधले आहे. द्रावक गेला, त्याच्याबरोबर त्याचा त्रासही गेला. भाजलेल्या जखमांवर चांदीचे कण उपयोगी पडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने असे जेल विकसित केले.

शेती : येथे दावे आणि पुरावे यांत मोठी फट आहे. इफ्को या सहकारी खतसंस्थेचा ‘नॅनो युरिया’ २०२१ मध्ये बाजारात आला. ५०० मिलिलिटरची एक बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल, असा प्रचार झाला. साधा हिशेब करून पाहावा : ४ टक्के नत्र असलेल्या त्या बाटलीत २० ग्रॅम नत्र होते, तर ४६ टक्के नत्राच्या गोणीत २० किलोंहून अधिक. पानांवर फवारलेले नत्र मुळांकडून घेतलेल्या नत्रापेक्षा चांगले वापरले जाते हे मान्य केले, तरी हजारपट फरक त्याने भरून निघत नाही. धान्यातील प्रथिनांसाठी लागणारे नत्र कुठून तरी यावेच लागते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने घेतलेल्या चाचण्यांत भात व गव्हाचे उत्पादन घटल्याचे दिसले. युरियाच्या अतिवापराने भूजलात नायट्रेट आणि हवेत नायट्रस ऑक्साइड जाते, हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच त्याच्या उत्तराची परीक्षा कडक हवी. चुकीच्या उत्तराची किंमत शेतकऱ्याच्या खळ्यावर मोजली जाते.

धोके व नियमन : चांदीचे कण लावलेल्या मोज्यांतून धुताना चांदी पाण्यात जाते, हे २००८ मध्ये अमेरिकेत दाखवण्यात आले. सांडपाणी प्रकल्पात त्यांतील बरीच चांदी सल्फाइडात बदलते व तिची विषारकता घटते. तरी मलगाळ खत म्हणून शेतात गेला की चांदीही जाते. कार्बनच्या लांब, ताठ अब्जांशनळ्या उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखी इजा करतात, असेही त्याच वर्षी आढळले. टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थांत वापरण्यास युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी घातली. भारताने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले, २०१९ मध्ये अब्जांश औषधांसाठी आणि २०२० मध्ये अब्जांश कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांसाठी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

वापरून झालेल्या आर्सेनिक-गाळण्याचे काय करायचे, हा या धोक्यांतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत निकडीचा भाग आहे. माध्यमातून आर्सेनिक पुन्हा निसटते का, हे पाहण्यासाठी बहुधा अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची विद्राव चाचणी वापरतात; तिची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. परंतु ही चाचणी काही तासांची असते आणि तीत आम्लयुक्त द्रावण वापरतात. कचरा डेपोच्या तळाशी परिस्थिती वेगळी असते. तेथे ऑक्सिजन नसतो, जिवाणू लोहाचे क्षपण करतात, लोह विरघळते आणि त्याने धरलेले आर्सेनिक मोकळे होते. चाचणीत उत्तीर्ण झालेले माध्यम अशा जागी प्रत्यक्षात जास्त आर्सेनिक सोडू शकते. त्यामुळे वापरलेले माध्यम गावातल्या उकिरड्यावर न टाकता परत गोळा करणे, सिमेंट-काँक्रीटमध्ये बंदिस्त करणे किंवा धोकादायक कचऱ्यासाठी अस्तर घातलेल्या भूभरावात ठेवणे, आणि त्याचा खर्च गाळण्याच्या मूळ किमतीतच धरणे आवश्यक ठरते.