रोजकीर्द, खतावणी आणि गेलेली वीज

वेग हवा की भरवसा? हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी आपल्या दुकानदारांना पडलेला होता. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत एक ओळ, आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नोंद. मध्येच विघ्न आलं तरी रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा मांडता येते.

संगणकाचं दुखणंही हेच. हार्डडिस्क संथ, म्हणून मजकूर आधी मेमरीत साठतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. काम झटपट होतं खरं, पण मेमरी जगते विजेवर! आमच्या बीबीत त्या काळी लोडशेडिंग रोजचंच होतं आणि यूपीएस नावापुरता. त्यामुळे हा विषय मला कधी पुस्तकी वाटलाच नाही.

१९९३ मध्ये लिनक्सवर आलेली 'एक्स्ट२' वेगवान होती, पण वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासत बसायची. डिस्क मोठी, तितका वेळ जास्त. नोव्हेंबर २००१ मध्ये स्टीफन ट्वीडी यांची 'एक्स्ट३' मुख्य लिनक्समध्ये आली आणि तिने रोजकीर्द आणली. तिचं नाव जर्नल. (व्यापारी जगात हे आधीच होतं. पुण्यात मोठं डेव्हलपमेंट सेंटर असलेल्या व्हेरिटासची फाईल सिस्टीमही जर्नलवालीच.)

पण रोजकीर्दीत लिहायचं किती? सगळा मजकूर लिहिला तर सगळं दोनदा लिहावं लागतं, म्हणजे वेग गेला. म्हणून 'एक्स्ट३'ने नेहमीसाठी मधला मार्ग धरला. जर्नलमध्ये फक्त फाईलींचा हिशेब, मात्र तो पक्का करण्याआधी मजकूर डिस्कवर उतरलाच पाहिजे. हे साधारण दर पाच सेकंदांनी व्हायचं.

याची एक गंमत झाली. 'एफसिंक' म्हणजे 'ही फाईल आत्ताच उतरव' असा हुकूम. 'एक्स्ट३'वर त्यासरशी इतरांचाही साठलेला मजकूर उतरायचा. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ यामुळेच अडखळायचा. साहजिकच प्रोग्रामर हा हुकूम टाळू लागले. नाहीतरी पाच सेकंदांत उतरतंय ना!

डिसेंबर २००८ मध्ये 'एक्स्ट४' स्थिर म्हणून जाहीर झाली. ती डिस्कवर जागा ठरवायचंच लांबवायची, म्हणून वेग वाढला. पण जुन्या फाईलीच्या जागी नवी ठेवली आणि लगेच मशीन बंद पडलं, तर नाव नवं आणि आत शून्य बाइट! २००९ च्या सुरुवातीला उबुंटूची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी ओरड केली. थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं, की नियमाप्रमाणे 'एफसिंक' न देणाऱ्याला हमी नाहीच. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी अशा वेळी मजकूर लवकर उतरवायची सोय केली. ती त्याच वर्षी २.६.३० मध्ये आली.

मला विचाराल तर त्सो नियमाने बरोबर होते, आणि ओरडणारे माणूस म्हणून बरोबर होते. वापरणाऱ्याने 'सेव्ह' दाबलं, त्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला. आतला हुकूम द्यायचा राहिला तो प्रोग्रामरकडून, आणि रिकामी फाईल मात्र त्याच्या पदरात. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला! अशा वेळी थोडा वेग सोडून त्याला वाचवणं हाच शहाणपणा. त्सोंनी शेवटी केलं तेच, आणि म्हणूनच मला त्यांचं कौतुक वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?