बेक्ड डिशचं कूळ आणि मूळ

रविवारी रात्री नेरुळच्या नाहीतर खारघरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये ओव्हनमधून निघणारी बेक्ड मॅकरोनी इटालियन नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पांढऱ्या सॉसमध्ये गाजर, फरसबी, मक्याचे दाणे आणि सिमला मिरची, वर किसलेल्या चीजचा जाड थर, त्यावर पिझ्झाबरोबर येऊन फ्रिजच्या दारात साठलेल्या पुड्यांमधले चिली फ्लेक्स. नेपल्सच्या माणसापुढे हे ताट ठेवलं तर तो सभ्यपणे हसेल आणि पाव मागेल. ओळख पटेल ती एखाद्या इंग्रज आजीला. पदार्थ तिच्या घराण्यातला आहे. आपल्याकडे तो तिच्याच मार्गाने आला आणि मुंबईत येऊन शाकाहारी झाला.

मँचेस्टरमध्ये दुकान चालवणाऱ्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये गृहिणींसाठी पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात उकडलेली मॅकरोनी आहे, साय आहे, मैद्यात घोळवलेलं लोणी आहे आणि वर भाजलेलं पार्मेझान चीज आहे. बाई एक व्यवहारी सूचनाही देतात : हे फार लवकर गार होतं, म्हणून गरम पाणी भरलेल्या बशीवर ठेवूनच टेबलावर पाठवा. अडीचशे वर्षांनंतरही तक्रार तीच आहे. त्याआधीही चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यात पिठाच्या पातळ पट्ट्या उकडून लोणी आणि चीजच्या थरांत घालत असत. म्हणजे इंग्रजांनी हे खाद्य काल-परवा उचललेलं नव्हतं. मैदा-लोण्याच्या सॉसला मात्र नाव मिळालं ते फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या बेशामेल नावाच्या अधिकाऱ्याचं. सॉस त्याने शोधला असं मानायला काही आधार नाही. दरबारी माणसाच्या नावावर स्वयंपाक्याचं काम खपवण्याची रीत सगळीकडचीच.

मॅकरोनीचं स्वतःचं मूळ आणखी मागे जातं. मार्को पोलोने ती चीनहून आणली ही गोष्ट अजूनही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. या कथेच्या प्रसाराचं बरंचसं श्रेय अमेरिकेतल्या मॅकरोनी कारखानदारांच्या मासिकाला जातं. त्यांनी ती १९२९ मध्ये छापली होती. पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. जिनोआतल्या एका नोटरीने १२७९ मध्येच एका मृत सैनिकाच्या चीजवस्तूंची यादी करताना मॅकरोनीने भरलेली एक पेटी नोंदवून ठेवली होती. मरणोत्तर मालमत्तेत धरावी इतकी ती टिकाऊ आणि मोलाची होती, हे त्यातून कळतंच. त्याहून जुनी नोंद ११५४ ची. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी भूगोल लिहिणारा अल्-इद्रिसी सांगतो की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी शेवयांसारखा सुका पदार्थ मुबलक बनतो आणि जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती मुलखांत जातो. सुकवलेलं पीठ, समुद्रप्रवास आणि अरब व्यापार, अशी ही जन्मकथा आहे. टोमॅटो त्यात फार उशिरा आला. शेवयांना टोमॅटोचा सॉस लावल्याची छापील कृती नेपल्सच्या कावाल्कान्तीच्या १८३९ च्या पुस्तकात सापडते. तेव्हा ‘पास्ता म्हणजे लाल सॉस’ असं ठासून सांगणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं. पांढरा सॉस थोरला आहे.

मुंबईत ही मॅकरोनी इंग्रजांच्या बंगल्यांतून आणि क्लबांतून रुळली, पण मराठी आणि गुजराती घरांत ती शिरली स्वातंत्र्यानंतर, पाककलेच्या वर्गांतून. या वर्गांचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा. पुण्यात जन्मलेल्या आणि लग्नानंतर मुंबईत आलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये घरीच वर्ग सुरू केले. १९७४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि परदेशी पदार्थ अंड्या-मांसाशिवाय करण्याची जी एक खास मुंबई-पद्धत होती, ती दूरवर पोहोचली. मॅकरोनीत अननस घालण्याची चाल याच पद्धतीतली. मराठीत १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकता येतो ही गोष्ट घरोघर पटली. बेक्ड डिश हा नेमका मापाचा पदार्थ. ती सासूकडून सुनेकडे आली नाही, वहीतून आली : मासिकातलं कात्रण, वर्गात उतरवून घेतलेली कृती, मैत्रिणीने फोनवर सांगितलेलं प्रमाण. बहुतेक घरांत ती आधी मुलीने केली आणि मग आई तिच्याकडून शिकली.

वहीत कृती उतरली तरी चीज कुठून आणायचं? ही अडचण आणंदला सुटली. युरोपातलं चीज गाईच्या दुधाचं, आपल्याकडे मुबलक दूध म्हशीचं. त्यात स्निग्धांश आणि कॅल्शियम जास्त, दह्याचा गोळा लवकर कडक होतो, चेडरच्या जातीचं चीज मुरताना कोरडं पडतं, आणि रंगही येतो पांढराफटक, कारण गाईच्या दुधाला पिवळी झाक देणारं कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसतंच. व्हर्गीस कुरियन आणि त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांच्या अमूलने १९६० मध्ये वर्षाला ६०० टन चीज काढणारा विभाग उभा केला. म्हशीच्या दुधाचं चीज इतक्या मोठ्या प्रमाणावर तोवर जगात कुणी काढलेलं नव्हतं. गंमत अशी की खुद्द नेपल्सच्या आसपास म्हशीच्या दुधाची मोझरेला शतकानुशतकं होत आली आहे. पण ते ताजं खायचं चीज, डब्यात भरून ठेवायचं नव्हे.

अमूलचं चीज ‘प्रोसेस्ड’ होतं, आणि याचा बेक्ड डिशला फायदाच झाला. मुरलेलं चीज वितळवून, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालून पुन्हा घट्ट करायची ही युक्ती स्वित्झर्लंडमधल्या थुन गावच्या गेर्बर आणि श्टेट्लर यांनी १९११ मध्ये शोधली. या क्षारांमुळे प्रथिनं आणि तूप एकमेकांना धरून राहतात. मुरलेलं चेडर कडक आचेवर तेल सोडतं, सॉस रवाळ होतो, आणि नवशिक्या हाताला ते सावरता येत नाही. डब्यातल्या चीजने आपल्याकडच्या कितीतरी नवशिक्यांची अब्रू राखली. चवीने ते सपाट आहे, हे मान्य. पण ज्या स्वयंपाकघरात तोवर चीज नव्हतंच, तिथे तक्रार करणार कोण!

आता ओव्हन. भट्टी आपली नव्हे, असं आपण सहज म्हणतो, आणि ते अर्धंच खरं आहे. वरून आच देण्याची कला कोकणात आणि मुंबईच्या जुन्या घरांत चांगली मुरलेली होती. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं भानोळं बघा. कोबी किंवा कोळंबी, बेसन, वाटण आणि तेल पातेल्यात थापायचं, मंद निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. खालून शिजतं, वरून खरपूस होतं. कोकणात काकडीचं धोंडस असंच होतं. ओव्हनच्या वरच्या सळईचं काम तिथे झाकणावरचे निखारे करत होते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये निघालं ते याच पाठारे प्रभू समाजातून. माझ्या मते बेक्ड डिशचं इथलं सख्खं नातं भानोळ्याशी लागतं, केकशी नाही. केक फुगवायचा असतो, हिला फक्त वरून डाग पडायला हवेत.

गॅस आला, निखारे गेले आणि मधली काही वर्षं फार गैरसोयीची गेली. दिवाळीत नानकटाईचे पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, आपले ट्रे ओळखू यावेत म्हणून खूण करायची. इटलीतही सणाचा पास्ता गावातल्या पावाच्या भट्टीत भाजून आणायची चाल होती, कारण ओव्हन तिथेही घरोघर नव्हता. मग आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन आला, झाकणाला काच असलेला. आच कमी-जास्त करायची सोय बहुधा नसायचीच. बटण चालू आणि बटण बंद, एवढंच. लग्नात आहेर म्हणून आलेले असे कित्येक ओव्हन माळ्यावर गेले. जे ओट्यावर टिकले त्यांच्यात बेक्ड डिश झाली. पुढे मायक्रोवेव्ह आला तेव्हा अनेकींची फसगत झाली. त्यात मॅकरोनी गरम होते, चीज वितळतं, पण तांबूस होत नाही. पाण्याचा अंश असलेला पदार्थ त्यात शंभर अंशांच्या आसपासच घोटाळतो आणि खरपूस रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. त्यासाठी पेटती सळईच हवी.

गव्हाची कहाणी मला या सगळ्यात जास्त जवळची वाटते. चांगला पास्ता होतो डुरम गव्हाचा. कडक, काचेसारखा दाणा. दळला तर पीठ न होता पिवळसर रवा पडतो. त्यातलं ग्लूटेन फारसं ताणलं जात नाही, पण उकळत्या पाण्यात आकार धरून ठेवतं. हा गहू परका नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत कोरडवाहू पिकणारा आपला बन्सी हा डुरमच, आणि शिऱ्या-लापशीसाठी बन्सी रवा मागणाऱ्या पिढ्यांना ते कुणी सांगायची गरज पडली नाही. खपली हा त्याचा पूर्वज. हरितक्रांतीनंतर सरबती जातीच्या, चपातीच्या गव्हांनी जमीन व्यापली आणि तांबेऱ्याला बळी पडणारे जुने उंच डुरम मागे हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मात्र डुरमवरचं काम सोडलं नाही. ‘एमएसीएस ४०२८’ हा तिथलाच बुटका, लवकर येणारा डुरम. त्यात प्रथिनं सुमारे साडेचौदा टक्के आहेत.

आणि नुसता गहूच नाही, पास्ताही आपल्याकडे होता. लग्नाच्या रुखवतात मांडायचं वळवट आठवा : गव्हाएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, मालत्या, फणीवर दाबून रेघा उठवलेले फणोले. इटलीच्या रोमान्या भागात ‘गार्गानेल्ली’ अशाच फणीवर वळतात. घट्ट भिजवलेलं पीठ, चिमटीचं कसब, उन्हात वाळवण, वर्षभर टिकणं, सगळं तेच. फक्त आपण ते दुधात आणि गुळा-साखरेत घातलं. मुरवलेलं चीज दख्खनला ठाऊक नव्हतं, तेव्हा खारट वाट धरण्याचा प्रश्नच नव्हता. वळवटाची खीर करणाऱ्या हातांना मॅकरोनीची नवलाई वाटली नसेल. नवल वाटलं असेल ते त्यात मीठ घालण्याचं.

वही, चीज, ओव्हन आणि गहू ही सगळी मंडळी एकत्र नांदावीत असं घर नव्या मुंबईत तयार होत होतं. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, ‘रुचिरा’च्याच सालातली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या आगरी-कोळ्यांच्या गावांच्या जमिनींवर हे शहर वसलं. १९७३ मध्ये खाडीपूल झाला, १९९२ च्या मे महिन्यात लोकल वाशीला पोहोचली आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून, बँका-सरकारी खात्यांच्या बदल्यांतून माणसं इथे आली. एका जिन्यावर कऱ्हाडचं, पालघाटचं, राजकोटचं आणि जालंधरचं कुटुंब. अशा जिन्यावर मुलाच्या वाढदिवसाला काय करायचं? मासळी चालत नाही, अंडं एकाला नको, कांदा-लसूण दुसऱ्याला नको, तिखट तिसऱ्याच्या पोराला नको. पांढऱ्या सॉसमध्ये यातलं काहीच नसतं, आणि अमूलच्या चीजवर हिरवा ठिपका असतो. बेक्ड डिश सगळ्या दारांतून आत जाऊ शकते. शिवाय बाजार दाराशी आला. १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला, आणि जवळच्या मॅफ्को मार्केटमध्ये गोठवलेले मटार, मक्याचे दाणे, चीजच्या मोठ्या लाद्या मिळतात. सुमार मॅकरोनी आणि बेताचं दूध यांवर भागवण्याचे दिवस गेले.

चार-पाच माणसांना पाव किलो मॅकरोनी पुरते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच ती उपसावी, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये व्हायचं असतं. लिटरभर दुधाला साठ ग्रॅम लोणी आणि तितकाच मैदा. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतावा, रंग बदलू देऊ नये, मग दूध थोडं थोडं घालत ढवळावं. सॉस कढीइतका पातळ हवा. बहुतेकजणी इथे घाबरून तो दाट करतात, आणि मॅकरोनी उरलंसुरलं दूध पिऊन टाकते, वडी पडते. चिमूटभर जायफळ हवंच. फ्रेंच माणूस घालतो म्हणून नव्हे, तर पुरणासाठी आणलेलं घरात असतंच म्हणून. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सुगंधा’ जात असताना जायफळाला परदेशी म्हणायची सोय राहिलेली नाही. वर चीज, त्यावर पावाचा चुरा, दोनशे अंशांवर वीस मिनिटं, शेवटची पाच फक्त वरची सळई.

राहिला अननस. मी तो घालू नये या पक्षाची आहे, पण मुंबईत हा पक्ष कायम अल्पमतात असतो. घालणाऱ्यांनी निदान डब्यातला घालावा, पाक पुरता निथळून. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन दुधाची प्रथिनं फोडतं आणि सॉस कडू होतो. डब्यातला आधीच तापवलेला असतो, म्हणून तो निरुपद्रवी. ताज्याचाच हट्ट असेल तर फोडी आधी साखरेत चांगल्या शिजवून घ्याव्यात आणि गार झाल्यावर घालाव्यात.