विटेवरची पावले

दिवाळी उलटली की यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात एक खोली कापसाने भरते. भाव मनासारखा नसेल, तर तो कापूस महिना-दोन महिने तिथेच पडून राहतो. शेजारी तुरीची, ज्वारीची पोती असतात. अशा घरात मांजर आत असते आणि कुत्रा ओसरीवर. कुत्रा रात्री मालकाबरोबर शेतात जागलीला जातो, रानडुकरांवर भुंकतो. मांजर पोत्यावर बसून उंदराची वाट पाहते. याच घरातल्या मुलाला वर्गात विचारा, कुत्र्यामांजराचे पटते का? तो चटकन सांगेल, "नाही, ते जन्माचे वैरी!" घरी हीच दोन जनावरे एकमेकांच्या अंगावरून जाताना तो रोज पाहत असतो. ऐकलेले उत्तर पाहिलेल्या गोष्टीवर मात करते, ते असे. म्हणून या वैराची जन्मपत्रिका तपासून पाहावी, असे आम्हाला वाटले.

पहिला पुरावा सिंधमधला आहे. चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले. तिथे हडप्पा संस्कृतीच्या काळातली एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि एक कुत्राही गेला. दोघांच्या पावलांचे ठसे एकमेकांवर किंचित चढले आहेत. ठशांची खोली आणि पसरटपणा पाहून मॅके यांनी अनुमान काढले, की दोघेही धावत होते आणि कुत्रा मांजराच्या पाठीस लागला होता. म्हणजे हा पाठलाग चार हजार वर्षांहून जुना! पण जरा थांबू या. कोणाचे पाऊल आधी पडले आणि कोणाचे नंतर, एवढे ठसे सांगू शकतात. दोघांमध्ये किती वेळ गेला, ते मांजर पाळीव होते की रानमांजर, हे सांगण्याची ताकद विटेत नाही. आणि पाठलाग झाला असे मानले, तरी एका दुपारची धावपळ म्हणजे जन्माचे वैर नव्हे.

ही दोन जनावरे माणसाच्या दारी एकाच वेळी आली नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कुत्रा फार आधी आला. जर्मनीत बॉन-ओबरकासेल येथे १९१४ साली सापडलेल्या दफनात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत कुत्र्याचीही हाडे होती. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा शेती नव्हती. लांडग्याचा हा वंशज शिकारी माणसाचा सोबती झाला. मांजर आले ते धान्यामागून. धान्य साठले, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून पश्चिम आशियातले रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. तेव्हा कोणीतरी ते होडीतून नेले असणार.

आपल्याकडेही कुत्रा जुना रहिवासी आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली जे ब्राँझचे रथ-प्राणी सापडले, त्यातल्या बैलजोडीच्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा ऐटीत उभा आहे. पैनगंगेपलीकडच्या माहूरमुळे यवतमाळच्या घराघरात दत्ताची तसबीर असते. तिच्यात चार कुत्रे आणि एक गाय असते, मांजराला जागा नाही. मांजराच्या वाट्याला आडवे जाण्याचा अपशकुन आला. मात्र मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, हा धाकही आला. धान्याच्या राखणदाराला मिळालेले हे संरक्षणच होते, असे आम्ही समजतो.

आता वैराच्या कल्पनेकडे वळू. पाणिनीने आपल्या व्याकरणात, ज्यांचे वैर कायमचे असते अशा प्राण्यांच्या जोड्यांसाठी समासाचा एक स्वतंत्र नियम केला आहे. त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे म्हणजे साप-मुंगूस आणि मांजर-उंदीर. यातले मांजर-उंदराचे वैर तरी खरोखर जन्मजात असते का? झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने तेच तपासले. १९३० साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आई उंदीर मारताना पाहत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढवलेली २० होती. त्यातल्या ९ जणांनी मारले. उंदराच्याच सोबतीने एका पिंजऱ्यात वाढलेली १८ होती, त्यातल्या फक्त ३ जणांनी. पकडण्याचे अंग मांजरात असते, हे खरे. एकटी वाढलेली ९ पिल्ले तेच दाखवतात. पण ते अंग कोणावर चालवायचे, हे बरेचसे बालपण ठरवते. पाणिनीच्या पक्क्या उदाहरणाची ही गत, मग कुत्र्यामांजराचे काय!

कुत्र्याच्या बाबतीत अडचण पळण्याची आहे. त्याचे पूर्वज पळणाऱ्या सावजामागे धावणारे. मांजर शिकारी असले तरी लहान, म्हणून धोका दिसला की पळते. आणि ते पळाले की कुत्रा धावतो. त्यात दोघांची भाषाही उलटसुलट. कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो, मांजर चिडून. कुत्रा पाठीवर लोळला तर बहुधा शरण आलेला असतो. भांडणात मांजर उताणे झाले, तर चारही पंजे उगारायला मोकळे झालेले असते. तेल अविव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, दोघे एकत्र पाळणाऱ्या घरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश घरांत संबंध सलोख्याचे होते आणि साधारण दहात एका घरात भांडणाचे. लहानपणी, म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना ओळख झाली, तर जास्त जमत होते. मांजर घरात आधी आलेले असणेही उपयोगी पडत होते. गंमत म्हणजे बहुतेक जनावरांनी समोरच्याची उलटी भाषा बरोबर ओळखली होती.

यवतमाळकडच्या घरात हे प्रश्न हौसेचे नाहीत. मोठा कुत्रा आणला आणि त्याने मांजर मारले, तर पोती उंदरांना मोकळी होतात आणि उंदरांमागून साप आत येतो. मांजराला माळ्यावर चढायला वाट ठेवणे आणि दोघांची ताटली वेगवेगळी ठेवणे, हे अनेक आज्या न शिकता करत आल्या आहेत.

वर्गात करण्याजोगे बरेच आहे. ज्यांच्या घरी दोघे आहेत त्या मुलांनी लिहून आणावे: आधी कोण आले, तेव्हा वय काय होते, दोघे झोपतात कुठे. आणि पावसानंतर अंगणातला चिखल मऊ असेल तेव्हा कुत्र्या-मांजराचे ठसे शोधावेत. मांजराची नखे ठशात सहसा उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. एकावर एक चढलेले ठसे मिळाले, तर आधी कोण गेले ते ओळखता येते का, आणि त्यावरून दुसरा त्याच्या मागे लागला होता असे म्हणता येईल का, यावर वर्गात वाद घालू द्यावा.