सार्जंट यॉर्कचे तीन कागद

वकिलीच्या व्यवसायामुळे माणसाची पारख त्याच्या कागदपत्रांवरून करण्याची आम्हांस सवय जडली आहे. वीरपुरुषाच्या बाबतीत लोक पदकाकडे पाहतात. आमची दृष्टी दप्तराकडे वळते. अमेरिकेतील टेनेसी राज्याचा शेतकरी-सैनिक आल्विन यॉर्क याच्या दप्तरात तीन कागद असे आहेत की, त्यांवरून त्याची आणि त्याच्या समाजाचीही परीक्षा व्हावी.

१३ डिसेंबर १८८७ रोजी पॉल मॉल नावाच्या डोंगराळ खेड्यात, ओंडक्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्याचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो तिसरा. वडील शेती सांभाळून लोहारकाम करीत. मुलाचे शालेय शिक्षण वर्षभराचेही झाले नाही. नेमबाजीत मात्र त्याचा हात धरणारा विरळा. १९११ साली वडील वारले, आणि थोरले दोघे भाऊ वेगळे झाले असल्याने घराचा भार याच्यावर पडला. तारुण्यात दारू आणि मारामाऱ्या यांत रमलेला हा गडी १९१५ च्या सुमारास धर्माकडे वळला व पुढे व्यसनांस शिवला नाही.

पहिला कागद १९१७ चा. सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मिळावी, कारण मनुष्यहत्या धर्मास मान्य नाही, असा त्याने अर्ज केला. परंतु युद्ध निषिद्ध मानणाऱ्या सुप्रतिष्ठित पंथाच्या अनुयायांसच त्या वेळचा कायदा सूट देत असे. यॉर्कच्या लहानशा पंथाला बायबलाखेरीज स्वतंत्र मतपत्रिका नव्हती. म्हणून अर्ज फेटाळला गेला. कायद्याने पंथाची सनद पाहिली, माणसाचे अंतःकरण पाहिले नाही.

छावणीतील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मात्र त्यास दरडावले नाही. धर्मग्रंथ हाती घेऊन त्यांनी त्याच्याशी चर्चा केली आणि विचार करण्यास रजा दिली. गावच्या डोंगरावर प्रार्थना करून तो लढण्याचा निश्चय घेऊन परतला. गीतेच्या वाचकांस हे द्वंद्व परके वाटू नये.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यात सतरा जणांची त्याची तुकडी जर्मनांच्या पिछाडीस पोहोचली. मशीनगनच्या माऱ्यात सहा जण पडले, तिघे जखमी झाले. कॉर्पोरल यॉर्कने आधी रायफल व मग पिस्तूल चालवून तो मारा थोपविला. गोळीबार चालू असतानाही, शरण या, म्हणून तो शत्रूस ओरडून सांगत होता. दिवसअखेर १३२ कैदी हाती लागले. तो सार्जंट झाला, आणि राष्ट्राचे सर्वोच्च शौर्यपदक त्यास लाभले.

१९१९ साली न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली. नाव विकून धनवान होण्याच्या अनेक संधी चालून आल्या. त्या नाकारून तो नांगराकडे परतला. नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने त्यास सुमारे चारशे एकर शेत देऊ केले. येथे दुसरा कागद येतो. वर्गणी अपुरी पडली, आणि कृतज्ञतेची भेट कर्जासह त्याच्या गळ्यात पडली! युद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले होते. वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे पैसा जमून ते कर्ज फिटले. पुढे मात्र त्याने हेच शेत आपण होऊन गहाण टाकले, तेही जेम्सटाउन येथे स्वतः स्थापिलेल्या शेतकी शाळेत मुलांना ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी. स्वतःस न मिळालेले शिक्षण डोंगरातील मुलांस मिळावे, एवढाच त्याचा हेतू.

तिसरा कागद आयकर खात्याचा. आपल्या जीवनावर चित्रपट काढण्यास त्याने वर्षानुवर्षे नकार दिला होता. बायबल शिकविणाऱ्या शाळेसाठी पैसा हवा म्हणून अखेर संमती दिली. १९४१ च्या त्या चित्रपटाच्या उत्पन्नावरील कर थकला, असे म्हणत १९५१ साली सरकारने दावा मांडला. व्याजासह रक्कम १,७२,००० डॉलरांवर गेली. १९५४ पासून तो पक्षाघाताने अंथरुणास खिळला होता. शेवटी १९६१ साली २५,००० डॉलरांवर तडजोड झाली, तीही लोकसभाध्यक्ष सॅम रेबर्न यांच्या पुढाकाराने जमलेल्या लोकवर्गणीतून. २ सप्टेंबर १९६४ रोजी त्याने देह ठेवला.

कर सर्वांस सारखा असावा, हे आम्ही अमान्य करीत नाही. तथापि जाहीर गौरव करणाऱ्या समाजाने दिलेल्या वचनाचा हिशेब पुरा करावयास नको काय?

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या महायुद्धात यॉर्क आपल्या जिल्ह्याच्या भरतीमंडळाचा प्रमुख झाला. १९४० च्या नव्या कायद्याने पंथाची अट काढून व्यक्तीच्या धार्मिक श्रद्धेस मान दिला होता. ज्याचा अर्ज फेटाळला गेला, त्याच्याच पुढे आता इतरांचे अर्ज येणार होते. कायद्यास उशिरा का होईना शहाणपण येते. समाजाच्या कृतज्ञतेनेही पुढच्या वेळी एवढा उशीर करू नये.