बाबांचा सफारी आणि व्ही.पी.चं पार्सल

मागच्या शनिवारची गोष्ट. ऑनलाइन मागवलेला शर्ट खांद्यात घट्ट झाला, म्हणून मी तो परत पाठवत होतो. दारात एक पोरगा आला, पिशवी घेतली, मोबाइलवर काहीतरी टिचक्या मारल्या आणि गेला. दोन मिनिटांत काम खतम! बाबा सध्या आमच्याकडे आलेत. ते सोफ्यावर बसून हे सगळं बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, "अन् पैसे?"

"येतील खात्यात, चार दिवसांत."

"कापून?"

"नाही हो बाबा, सगळे."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग माह्या सफारीच्या वेळी हे काऊन नव्हतं रे?"

आता हा सफारी म्हणजे आमच्या घरातलं एक ऐतिहासिक प्रकरण. ते सांगायचं तर आधी थोडा खरा इतिहासही सांगावा लागेल. कारण बाबांच्या त्या साध्या प्रश्नाने माझ्या डोक्यात जो किडा सोडला, तो अख्खा वीकएंड वळवळत होता.

साल १९८४. बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात शाळामास्तर. धाकट्या काकांचं लग्न ठरलेलं. वर्तमानपत्रात जाहिरात आली : मुंबईच्या एका कंपनीचा तयार सफारी सूट, 'आगाऊ पैसे पाठवू नका, व्ही.पी.ने पाठवू'. सोबत कापून पाठवायचं कुपन. त्यात नाव, पत्ता, रंग, छाती, कंबर, उंची. बाबांनी गावातल्या शिंपीकाकांकडून टेपने माप घेऊन घेतलं, छाती ३६ लिहिली, रंग बिस्किटी, आणि पाकीट पोस्टात टाकलं. शिंपीकाकांना मात्र माप कशासाठी हवंय ते सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं ना!

तीन आठवड्यांनी पार्सल आल्याची चिठ्ठी आली. बाबा दारव्ह्याच्या पोस्टात गेले. किंमत पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढी. व्ही.पी.चा नियम असा की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. उघडून बघायची सोय नाही. बाबांनी पैसे मोजले, घरी आले, आईने सुतळी सोडली. कापड झकास, शिलाई झकास, बटणं झकास... फक्त ती लागत नव्हती.

आता हे व्ही.पी. म्हणजे काय, ते नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगतो. व्हॅल्यू पेएबल पोस्ट. भारतीय पोस्टाने ही सोय सुरू केली १८७७ साली. विकणारा वस्तू पोस्टात देणार आणि सांगणार की एवढे पैसे वसूल करा. पोस्ट ती वस्तू गिऱ्हाइकाच्या गावी नेणार, पैसे घेऊन मगच देणार, आणि ते पैसे मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे पोचवणार. (मनीऑर्डरचं काम पोस्टाकडे आलं १८८० मध्ये. त्याआधी ते सरकारी खजिन्यांतून चालायचं.) म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेले दोन लोक, आणि मध्ये दोघांच्याही विश्वासाचं सरकारी खातं. आमच्या धंद्यात याला 'ट्रस्टेड थर्ड पार्टी' म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. इथे ते काम खाकी कपड्यातला पोस्टमन करत होता.

गंमत म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या बरेच पुढे होतो. मेल-ऑर्डर म्हटलं की सगळे अमेरिकेचं नाव घेतात. पण तिथल्या पोस्टाने पार्सल सेवाच सुरू केली १ जानेवारी १९१३ ला, आणि 'वस्तू द्या, पैसे घ्या' ही सोय त्याच वर्षी १ जुलैला. म्हणजे आपल्यानंतर तब्बल छत्तीस वर्षांनी!

मग आपल्याकडे या सोयीचा फायदा आधी कुणी घेतला? तर साहेबांनी. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीची स्थापना १८७१ ची. फौजेतल्या अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेलं सहकारी दुकान. त्यांनी १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे, आणि योगायोग बघा, पुढे त्याच इमारतीत टाटांच्या वेस्टसाइडचं तयार कपड्यांचं दुकान निघालं. दुसरं मोठं नाव व्हाइटअवे लेडलॉ. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेलं हे दुकान, मुंबईत त्याची भलीमोठी इमारत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आताच्या दादाभाई नौरोजी रोडवर. या दुकानांचे जाडजूड कॅटलॉग आडगावातल्या साहेबांच्या बंगल्यांवर जायचे आणि पार्सलं पोस्टाने व रेल्वेने यायची. व्हाइटअवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. काळाने उगवलेला सूड म्हणतात तो हाच :-)

आमचा जिल्हा या सगळ्यात कुठे बसतो? तर सुरुवातीलाच. म्हणजे कापसात. १९०५ पर्यंत याचं नाव होतं वणी जिल्हा, मग यवतमाळ झालं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची छोटी लाइन, आमची लाडकी 'शकुंतला', इंग्रज कंपनीने टाकली ती काही आम्हाला फिरायला न्यायला नाही. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनवर, तिथून मुंबईला, आणि पुढे गिरण्यांत किंवा बोटीत चढवण्यासाठी. कापूस गाठींनी बाहेर जायचा, आणि त्याचं कापड, नंतर त्याचे तयार कपडे, मुंबईहून परत यायचे. बाबांच्या सफारीचं कापड टेरिकॉटचं होतं. त्यात जो काही कापूस होता तो दारव्ह्याचाच असेल असं मी म्हणणार नाही, पण असता तर नवल नव्हतं.

हे चित्र पुढे थोडं बदललं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आला, म्हणजे जीन्सचं कापड जिल्ह्यातच विणलं जाऊ लागलं. पण तयार पँट? ती बाहेरूनच यायची.

असो. मुद्द्यावर येतो. लांबून तयार कपडा मागवायचा तर तीन प्रश्न सुटावे लागतात. पैसा, पत्ता आणि माप.

पैशाचा प्रश्न १८७७ ला सुटला. पत्त्याचा सुटायला १९७२ उजाडलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि वर संस्कृतचे कवी! एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, वाईट अक्षर, या सगळ्यांवर सहा आकड्यांचा उतारा. यवतमाळ ४४५००१. माझ्या मते आपल्या देशातलं ते एक अव्वल दर्जाचं डेटा डिझाइन आहे.

राहिलं माप. आणि इथेच घोडं पेंड खातं.

आपल्या जुन्या कपड्यांना माप लागतच नव्हतं. लुगडं नऊ वार, मग नेसणारी काडी असो की भरलेली. धोतर, उपरणं, शेला, फेटा, घोंगडी, सगळं तसंच. यातलं काहीही व्ही.पी.ने बिनधास्त मागवावं. फार तर रंग चुकेल. शिवलेला कपडा मात्र माणसागणिक वेगळा. त्याचं माप शिंपीकाकांच्या वहीत असायचं, आणि खरं तर वहीपेक्षा जास्त त्यांच्या नजरेत. बाबांच्या सफारीत चूक झाली ती इथे. शिंपी अंगाचं माप घेतो आणि शिवताना त्यात आपल्या मनाने ढिलाई धरतो. छाती ३६ असेल तर कपडा ३६ चा शिवत नाही, चारेक इंच वाढवून शिवतो. कुपनात नुसतं 'छाती' छापलेलं. बाबांनी अंगाची छाती लिहिली, कंपनीने कपड्याची समजली. दोघंही आपापल्या जागी बरोबर! एकाच फील्डचे दोन अर्थ... असले बग आम्ही रोज काढतो आणि एकमेकांवर ढकलतो. इथे ढकलायलाही कुणी नव्हतं. परत पाठवायचं तर पोस्टाचा खर्च आपला, आणि पैसे परत येतील अशी खात्री त्या जाहिरातीत दिलेली नव्हती.

शेवटी बाबा मान खाली घालून शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी सफारी उलटा केला, शिलाई बघितली आणि म्हणाले, "गुरुजी, याच्यात माया नाही हो."

'माया' हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. शिवताना शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. पोरगं वाढलं, माणूस सुटला, की शिलाई उसवून माया सोडायची. गावचा शिंपी माया ठेवतो कारण कपडा पुन्हा त्याच्याचकडे येणार हे त्याला माहीत असतं. कारखान्याला हजार कपड्यांमागे कापड वाचवायचं असतं, आणि गिऱ्हाइकाचं तोंड पुन्हा बघायचं नसतं. मग शिंपीकाकांनी जवळपास त्याच रंगाचं कापड शोधून बगलेखाली दोन्हीकडे कळ्या घातल्या. शिलाईचे पैसे घेतले नाहीत. काकांच्या लग्नाच्या एकूणएक फोटोत बाबा हात अंगाला चिकटवून, शाळेत सावधान उभे राहतात तसे उभे आहेत. आता कारण कळलं ना?

इथवर ही विनोदी गोष्ट आहे. पण शनिवारी बाबांनी दुसरीही एक सांगितली, ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

आमच्या शेजारचे एक काका, कोरडवाहू कापसाचे शेतकरी. त्याच सुमारास त्यांचा मुलगा कॉलेजसाठी यवतमाळला जाणार होता. बाबांचं बघून त्यांनीही एक तयार पँट-शर्टचा जोड मागवला. कापूस विकला होता, चुकारा आठ-पंधरा दिवसांत येईल असा हिशोब. पार्सल आलं, चुकारा आला नाही. व्ही.पी. पोस्टात सात दिवस थांबायची. काका रोज दारव्ह्याला जाऊन विचारायचे, "आहे का अजून?" त्यांनी बाबांकडे उसने मागितले नाहीत. बाबांच्याही लक्षात आलं नाही. आठव्या दिवशी पार्सल मुंबईला परत गेलं. पोरगा जुन्या सदऱ्यावर कॉलेजात गेला. चुकारा नंतर आला, पण तोवर जोड कसला आणि हौस कसली.

"मी विचारायला पायजे होतं," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं झाली त्याला.

आणि इथे मला अमेरिकेचं परत आठवलं. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापून मेल-ऑर्डर सुरू केली. १८७५ मध्ये त्याने जाहीर केलं, माल पसंत नसेल तर पैसे परत. हे आपल्या व्ही.पी.च्या दोन वर्षं आधी. दोन्हींचा प्रश्न एकच, अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा. उत्तरं मात्र उलटी. व्ही.पी.ने विकणाऱ्याची भीती घालवली की माल जाईल आणि पैसे बुडतील. वॉर्डने गिऱ्हाइकाची भीती घालवली की पैसे जातील आणि माल टाकाऊ निघेल. जोखीम कुठे जात नाही, नुसती एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. आपल्याकडे ती बाबांच्या अंगावर आली, शेजारच्या काकांच्या अंगावर आली, आणि थोडी शिंपीकाकांनी स्वतःच्या अंगावर घेतली. फुकट.

म्हणून २०१० मध्ये फ्लिपकार्टने 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली तेव्हा जो गाजावाजा झाला, त्यात अर्धीच गोष्ट नवी होती. दारात पैसे घेणं १८७७ चं. नवं होतं ते 'नको असेल तर परत घ्या'. मापाचा प्रश्न तर अजूनही पुरता सुटलेला नाही. अमेरिकेने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. आपल्याकडे निफ्टने 'इंडियासाइज' नावाने २५ हजार माणसांच्या मोजणीचं काम हाती घेतलं ते गेल्या काही वर्षांत. त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत यवतमाळ नाही, हे सांगायला नकोच. तोवर एका ब्रँडचा ४० दुसऱ्याचा ४२, आणि परतीच्या पिशव्या चालूच.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं, की बाबा, आता जोखीम दुकानदार घेतो. बाबा म्हणाले, "फुकट कोणी घेत नाई. किमतीत लावत असन." बरोबर आहे. मास्तर शेवटी मास्तरच.

सफारी अजून गावच्या घरी पेटीत आहे. पुढच्या वेळी गेलो की त्या कळ्या नीट बघणार आहे. लहानपणी आम्ही त्यांना हसायचो.